शोधायला सुरुवात कधी केलीस, ते विचारा

प्रश्न : मी एका खासगी कंपनीत टीम लीड आहे. नऊ जणांची टीम आहे, बहुतेक सगळे तिशीच्या आतले. गेल्या दीड वर्षात त्यातले चौघे सोडून गेले. एकाला पगार वाढवून थांबवलं, तर तो पाच महिन्यांनी गेलाच. एक्झिट इंटरव्ह्यूच्या फॉर्मवर सगळ्यांचं कारण एकच, 'चांगली संधी'. आमचे वरिष्ठ म्हणतात, 'या पिढीत निष्ठाच नाही, तू मनाला लावून घेऊ नकोस.' परवा पाचवा राजीनामा आला आणि तो मात्र मला लागला. या मुलीने गेल्या वर्षी आमचा महिन्याचा रिपोर्ट स्वतःहून नव्याने बसवला होता. दोन दिवसांचं काम तीन तासांवर आलं. वरिष्ठांसमोर तो मी मांडला, तेव्हा टीमचं खूप कौतुक झालं. आधी ती मीटिंगमध्ये सारखे प्रश्न विचारायची, हे असं का, ते तसं का नाही. अलीकडे शांत झाली होती. मला वाटलं, रुळली. एक मुलगा मात्र अडीच वर्षं टिकून आहे. कधी तक्रार नाही, सांगितलेलं काम मुकाट्याने करतो. बाकीचे त्याच्यासारखे का नाहीत? मी नेमकं काय करू? आणि खरं सांगायचं तर हल्ली मलाही वाटतं, आपणही सोडून द्यावं.
— एक टीम लीड

उत्तर : तुमच्या पत्रातल्या दोन ओळींपाशी मी थांबले. तुम्ही त्या ओघात लिहून गेलात, पण तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मला तिथेच दिसतं. पहिली ओळ, 'मला वाटलं, रुळली'.

सारखे प्रश्न विचारणारं माणूस एकाएकी गप्प झालं, तर ते रुळलं असं समजू नका. बहुतेक वेळा त्याने मनातून सामान आवरायला घेतलेलं असतं. अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी 1970 साली एक साधी मांडणी केली होती. ज्या संस्थेशी आपण बांधलेले आहोत तिथे काही बिघडलं, तर माणसापुढे दोन वाटा असतात, बोलायचं किंवा निघून जायचं. निष्ठा असेल तर माणूस लगेच निघत नाही, आधी बोलून पाहतो. ही मांडणी तुमच्या टीमला लावून बघा. जी मुलगी 'हे असं का' म्हणून भंडावून सोडत होती, तीच त्या काळात तुमच्या कंपनीला सर्वांत जास्त धरून होती. तिला वाटत होतं की इथे काहीतरी सुधारता येईल. तिच्या किती प्रश्नांना उत्तर मिळालं आणि त्यातून किती गोष्टी बदलल्या, हे तुम्हालाच ठाऊक. पण ती गप्प झाली, याचा अर्थ बोलून उपयोग नाही हे तिने ठरवून टाकलं होतं. परवा आला तो त्या निर्णयाचा फक्त कागद.

दुसरी ओळ त्या रिपोर्टची. 'वरिष्ठांसमोर तो मी मांडला, तेव्हा टीमचं खूप कौतुक झालं.' त्या खोलीत ती होती का? तिचं नाव घेतलं गेलं का? तुम्ही लिहिलेलं नाही, आणि तुमच्यावर संशय घ्यावा असाही माझा हेतू नाही. टीम लीडने टीमचं काम मांडायचं हीच पद्धत असते आणि घाईत नाव राहून जातं. पण तिच्या बाजूने विचार करा. कुणी सांगितलेलं नसताना, रोजचं काम सांभाळून, तिने ती सगळी शीटं उलगडली. कुठला आकडा कुठून येतो ते शोधलं. चार लोकांकडून येणारी माहिती एका साच्यात बसवली. ते चालायला लागलं तो दिवस तिच्या नोकरीतला सर्वांत आनंदाचा दिवस असणार. आणि मग तिला कळलं असेल की मोठ्या मीटिंगमध्ये 'टीमने छान काम केलं' असं म्हणाले. तेवढंच.

नोकरी का सोडली जाते यावर टॉम ली आणि टेरेन्स मिचेल या अभ्यासकांनी 1994 साली जे मांडलं, ते मला आजही फार उपयोगाचं वाटतं. तोवरचा सर्वसाधारण समज असा होता की माणूस हळूहळू नाराज होतो, नाराजी साठत जाते आणि मग तो दुसरी नोकरी शोधतो. यांचं म्हणणं असं की कितीतरी वेळा सुरुवात एखाद्या धक्क्याने होते. धक्का म्हणजे काही भयंकरच घडायला हवं असं नाही. बढती दुसऱ्याला मिळाली, शेजारच्या टेबलावरचा मित्र सोडून गेला, दुसऱ्या कंपनीतून अचानक फोन आला, घरात लग्न ठरलं. तोवर माणूस रोज येऊन काम करत असतो, राहायचं की जायचं हा विचारही त्याच्या डोक्यात नसतो. त्या प्रसंगानंतर पहिल्यांदा मनात येतं, 'मी इथे का आहे?' एकदा हा प्रश्न पडला की पुढचं सगळं त्याच्याच उजेडात दिसायला लागतं. पूर्वी न खटकणाऱ्या गोष्टी खटकतात. आलेल्या फोनला 'नको' म्हणणारा माणूस 'काय काम आहे, जरा सांगा तरी' म्हणतो.

म्हणून 'चांगली संधी' या उत्तराने तुमच्या हाती काही लागत नाही. ते उत्तर खोटं नाही, पण ते 'कुठे चाललास' या प्रश्नाचं उत्तर आहे. तुम्हाला हवा आहे तो आधीचा क्षण, जेव्हा त्याने पहिल्यांदा सीव्ही उघडून त्यात दुरुस्ती केली. 'का सोडतोस' असं विचारलं तर सभ्य उत्तर मिळतं. 'शोधायला सुरुवात कधी केलीस' असं विचारलं, तर माणूस जरा थांबतो आणि एखादा महिना, एखादा प्रसंग सांगतो. तो प्रसंग तुमच्या कामाचा आहे.

मात्र हेही राजीनाम्यानंतर विचारणं म्हणजे वरातीमागून घोडं. जाणाऱ्याला तेव्हा रिलीव्हिंग लेटर हवं असतं, हिशेब वेळेत हवा असतो, उद्या कुणी फोन करून चौकशी केली तर चार चांगले शब्द हवे असतात. क्षेत्र लहान असतं, माणसं पुन्हा पुन्हा भेटतात. अशा वेळी खरं बोलून त्याला काय मिळणार? एचआरच्या फॉर्मवर खरं कारण सापडेल ही आशाच सोडून द्या.

आता तुमच्या वरिष्ठांच्या वाक्याबद्दल. 'या पिढीत निष्ठाच नाही' हे वाक्य फार सोयीचं असतं. ते म्हटलं की कुणालाच काही करावं लागत नाही. आणि ते बरोबरही नाही. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाकडे याची बरीच जुनी मोजणी आहे. जानेवारी 2024 मध्ये तिथल्या 25 ते 34 वयाच्या नोकरदारांचा सध्याच्या मालकाकडचा कालावधी मध्यकाने 2.7 वर्षं होता, म्हणजे निम्मे लोक त्याहून कमी काळ तिथे होते आणि निम्मे जास्त. याच वयाच्या लोकांचा 1983 मधला आकडा होता 3.0 वर्षं. म्हणजे जे तेव्हा तरुण होते आणि आज निवृत्त झालेत, तेही त्या वयात जवळपास इतकेच टिकत होते. 2024 च्याच मोजणीत 55 ते 64 वयाच्या लोकांचा आकडा 9.6 वर्षं आहे. यात निष्ठेचा भाग थोडा, वयाचा जास्त. पंचविशीतल्या माणसाच्या नोकरीची एकूण वर्षंच कमी, तो दहा वर्षं एका जागी असणार तरी कसा?

रॉबर्ट टोपेल आणि मायकल वॉर्ड या अर्थतज्ज्ञांचा 1992 चा अभ्यास आहे. अमेरिकेतल्या तरुण पुरुषांच्या नोंदी तपासल्यावर त्यांना दिसलं की नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत सरासरी सात नोकऱ्या होतात, आणि त्या दहा वर्षांतल्या पगारवाढीचा निदान एक तृतीयांश भाग या बदलांमधूनच येतो. नोंदी 1957 ते 1972 या काळातल्या होत्या. तेव्हा या 'आजच्या पिढीचे' आईवडीलही शाळेत असतील नसतील. कुठलं काम आपल्याला जमतं, कशा माणसांबरोबर जमतं, हे काम करून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून तुमच्या टीममधून काही जण जाणार आणि त्यांनी जायलाच हवं. एकही राजीनामा येऊ नये हे ध्येय ठेवू नका, त्यात तुम्ही उगाच झिजाल. ज्याला थांबायचं होतं, थांबता आलं असतं, आणि तरीही जो गेला, त्याची काळजी करा.

पगारवाढ देऊन थांबवलेल्या त्या मुलाबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण ते उदाहरण पाहून 'पैशाने काही होत नाही' असा निष्कर्ष तुम्ही किंवा तुमचे वरिष्ठ काढाल याची मला भीती वाटते. फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1959 मध्ये सुमारे दोनशे अभियंते आणि हिशेबनीस यांच्या मुलाखतींवरून असं मांडलं की माणसाला नाराज करणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि खूश करणाऱ्या वेगळ्या. पगार, धोरणं, साहेबाची वागणूक, कामाची परिस्थिती या गोष्टी वाईट असल्या की माणूस चिडतो, पण त्या सुधारल्या म्हणून तो कामात रमतोच असं नाही. रमतो ते काही साधल्यामुळे, त्याची कुणी दखल घेतल्यामुळे, जबाबदारी मिळाल्यामुळे आणि मुळात काम आवडल्यामुळे. त्यांच्या पद्धतीवर नंतर टीका झाली आणि ती रास्तही आहे. चांगलं झालं तर माझ्यामुळे, वाईट झालं तर परिस्थितीमुळे, असं आपण सगळेच सांगतो. तरी तुमच्या त्या मुलाचं कोडं यातून उलगडतं. तो ज्या कारणाने शोधायला लागला होता, ते कारण पगारवाढीने गेलं नसावं. काउंटर ऑफरने, म्हणजे थांबवण्यासाठी दिलेल्या त्या वाढीने, त्याला फक्त हे कळलं की राजीनामा ठेवल्याशिवाय इथे आपली किंमत होत नाही. बाकीच्या आठ जणांनाही तेच कळलं. ऑफिसात अशी गोष्ट लपून राहत नाही.

पण पगार बाजारापेक्षा खरोखर कमी असेल, तर बाकीच्या गोड गोष्टी बोलूच नका. विशेषतः एक गोष्ट तपासा. गेल्या वर्षी घेतलेल्या नव्या माणसाचा पगार तुमच्याकडे तीन वर्षं काम करणाऱ्यापेक्षा जास्त आहे का? बऱ्याच ठिकाणी असतो. नव्याला बाजारभावाने घ्यावं लागतं आणि जुन्याला ठरलेल्या टक्क्यांचा हाईक मिळतो. मग नव्याला काम शिकवायची जबाबदारीही जुन्यावरच. त्याला हे कळतं त्या दिवशी तो घरी जाऊन काय करेल? अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात एक प्रयोग केला होता, 2012 मध्ये तो प्रसिद्ध झाला. सहकाऱ्यांचे पगार एका वेबसाइटवर पाहता येतात, हे त्यांनी काही कर्मचाऱ्यांना कळवलं. आपल्यासारख्या कामाच्या सहकाऱ्यांच्या तुलनेत ज्यांचे पगार खालच्या अर्ध्यात होते, त्यांचं समाधान घटलं आणि दुसरी नोकरी शोधायचा त्यांचा विचार बळावला. वरच्या अर्ध्यातल्यांना काहीच फरक पडला नाही. म्हणजे कमी मिळणाऱ्याला दुःख होतं आणि जास्त मिळणारा त्यामुळे अधिक खूश होतो असंही नाही. पगार ठरवणं तुमच्या हातात नसेल. पण नावं न घेता, 'एकाच कामाला तीन वर्षांच्या माणसाला इतके आणि सहा महिन्यांच्या माणसाला इतके' असा एक पानाचा तक्ता करून वरिष्ठांसमोर ठेवणं तुमच्या हातात आहे. ते काम या महिन्यात करा.

आता अडीच वर्षं टिकलेला तो मुलगा. तुम्ही विचारता, बाकीचे त्याच्यासारखे का नाहीत. मला त्याची जास्त काळजी वाटते.

व्हिन्सेंट फ्लॉवर्स आणि चार्ल्स ह्यूज या दोघांनी 1973 मध्ये प्रश्न उलटा करून विचारला होता, की लोक का राहतात? त्यांना दिसलं की राहणाऱ्यांमध्येही फरक असतो. काहींना काम आवडतं आणि बाहेरच्या परिस्थितीमुळेही इथे असणं सोयीचं असतं, ते सर्वांत भक्कम. काहींना काम आवडतं पण बाहेर बांधून ठेवणारं काही नसतं, कामातला आनंद संपला की ते जातात. काहींना कामही नको असतं आणि बांधून ठेवणारंही काही नसतं, ते दाराशीच उभे असतात. आणि चौथे म्हणजे काम अजिबात आवडत नाही, पण जाता येत नाही म्हणून राहिलेले. घराचे हप्ते असतात, कुणाचं आजारपण असतं, मुलांची शाळा असते, नाहीतर 'आपल्याला दुसरीकडे कोण घेणार' ही भीती असते. आकडेवारीत हे चौथे 'टिकलेले' म्हणून दिसतात आणि वरिष्ठांना आवडतात. खरं तर ते रोज थोडे थोडे विझत असतात.

तुमचा मुलगा यातला कोण, मला माहीत नाही. कदाचित त्याला हे काम मनापासून आवडत असेल आणि स्वभावच अबोल असेल. तसं असेल तर फार छान. पण चौघे गेले तेव्हा त्यांची कामं कुणाकडे गेली? माझा अंदाज आहे की त्यातली बरीच याच्याकडे. 'नवीन माणूस येईपर्यंत तात्पुरतं बघ' म्हणून दिलेली कामं परत घेतली गेली का? नवीन माणूस येतो, त्याला शिकायला दोन-तीन महिने लागतात, तोवर हा ते काम सराईतपणे करायला लागलेला असतो. मग 'असू दे, तुलाच जमतं' होतं. जो तक्रार करत नाही त्याच्याकडे काम जातं, हा सगळ्या ऑफिसांचा नियम आहे आणि फार अन्यायाचा नियम आहे. उद्याच बसून त्याच्याकडची कामं लिहून काढा. दीड वर्षापूर्वी जी नव्हती त्यांच्यावर खूण करा. त्यातली दोन तरी परत घ्या, नाहीतर ती त्याच्या पदात आणि पगारात मोजली जातील असं बघा. त्याने मागायची वाट पाहू नका.

धक्क्याची मांडणी करणाऱ्या त्याच मिचेल यांनी सहकाऱ्यांबरोबर 2001 मध्ये राहण्यामागच्या कारणांचा अभ्यास पुढे नेला. माणसाचे किती धागे या जागेशी आणि इथल्या लोकांशी जुळलेत, तो इथे किती बसतो, आणि सोडताना त्याला काय गमवावं लागेल, या तीन गोष्टींवर राहणं अवलंबून असतं, असं त्यांना दिसलं. आता बघा, एक जण गेला की उरलेल्यांचा एक एक धागा तुटतो. ज्याच्याबरोबर जेवायला बसायचा तो गेला, ज्याला अडलं की विचारायचा तो गेला. म्हणून राजीनामे एकामागोमाग येतात. पाचवा राजीनामा आलाय, तर या पंधरा दिवसांत बाकीच्यांशी बोलणं हे तुमचं सर्वांत निकडीचं काम.

कसं बोलायचं? अप्रेझलशी जोडू नका, तेव्हा प्रत्येक जण हातचं राखून बोलतो. एकेकाला अर्धा तास द्या, फोन बाजूला ठेवून. 'खूश आहेस ना?' असं विचारू नका, त्याला 'हो मॅडम' याखेरीज उत्तर नसतं. असं विचारा, की गेल्या महिन्यात कुठलं काम करताना वेळ कसा गेला कळलं नाही? कुठल्या कामाचा मेल आला की नको वाटतं? इथे आल्यावर पहिल्या वर्षात जेवढं शिकलास, तेवढं आता शिकतोयस का? उद्या दुसरीकडून फोन आला, तर 'नको' म्हणायला काय कारण आहे तुझ्याकडे? या शेवटच्या प्रश्नावर तो गप्प बसला तर तुम्हीही बसा. ती शांतता भरून काढायला तुम्ही बोलायला लागलात की संभाषण संपलं. पहिल्यांदा 'सगळं ठीक आहे' एवढंच ऐकायला मिळेल, कारण आजवर असं कुणी विचारलेलं नसतं. दुसऱ्या खेपेला थोडं बाहेर येईल.

जे ऐकाल त्यातली एक तरी गोष्ट दोन आठवड्यांच्या आत करून दाखवा, अगदी छोटी का असेना. जे होणार नाही ते 'बघते' म्हणून लटकत ठेवू नका. 'हे माझ्या हातात नाही, या कारणाने होणार नाही' असं स्पष्ट सांगितलेलं तरुण मुलांना चालतं. विचारून घ्यायचं आणि पुढे काहीच करायचं नाही, त्यापेक्षा न विचारलेलं बरं. त्या मुलीचे प्रश्न असेच विरून गेले असावेत.

शिकण्याच्या प्रश्नावर मी मुद्दाम जोर देते आहे. मला येणाऱ्या पत्रांमध्ये तरुणांची पगाराची तक्रार असते, साहेबाची असते, पण त्याखाली फार वेळा एकच धास्ती असते, 'मी इथे तसाच राहून जाईन'. पहिलं वर्ष सगळंच नवं असतं. दुसऱ्या वर्षी तोच महिनाअखेरचा रिपोर्ट, तीच शीटं, तेच फॉलो-अप. मित्र दुसरीकडे काहीतरी नवीन शिकतोय हे ऐकलं की पोटात कालवतं. वर्ष-सव्वा वर्ष झालेल्या प्रत्येकाच्या कामातला एक तरी तुकडा बदला. एखाद्याला क्लायंटच्या मीटिंगला घेऊन जा, एखाद्याला नव्या माणसाला शिकवायचं काम अधिकृतपणे द्या, एखाद्याला त्याने केलेलं काम वरिष्ठांसमोर त्याच्या तोंडून मांडू द्या. या शेवटच्या गोष्टीला एक पैसा लागत नाही.

हे सदर वाचणाऱ्या तरुण मित्रमैत्रिणींसाठीही एक गोष्ट सांगते. वेंडी बॉसवेल आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये नोकरी बदलणाऱ्या मॅनेजर लोकांचं समाधान बदलाच्या आधी आणि नंतर मोजलं. बदलण्याआधी ते खाली गेलेलं असतं, नव्या जागी एकदम वर जातं आणि मग पुन्हा उतरतं. तेव्हा नव्या नोकरीत काही महिन्यांनी कंटाळा आला, तर निर्णय चुकला असं लगेच समजू नका. ते उतरणं बहुतेकांचं होतं. मी कशापासून पळतोय आणि ती गोष्ट नव्या जागीही असेल का, एवढं स्वतःला विचारून मगच फोन उचला. आणि जिथे अपमान होतो, तब्येत बिघडते, चुकीचं काम करायला लावतात, तिथे हा विचारही करत बसू नका. निघा.

पुन्हा तुमच्याकडे वळते. 'लोक कंपनी सोडत नाहीत, बॉस सोडतात' असं तुम्ही ऐकलं असेल आणि ते वाक्य रात्री टोचतही असेल. त्यात अर्धंच तथ्य आहे. बॉसमुळे फार फरक पडतो हे खरं, पण पगाराचा तक्ता तुम्ही ठरवत नाही, बढत्यांच्या जागा तुम्ही ठरवत नाही, रिकामी जागा किती महिन्यांनी भरायची तेही तुम्ही ठरवत नाही. या सगळ्याचं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेऊ नका. तुमच्या हातात आहे ते कुणाचं नाव कुठे घ्यायचं, काम कसं वाटायचं, प्रश्न विचारणाऱ्याला काय उत्तर द्यायचं, आणि संध्याकाळी घरी गेलेल्या माणसाला मेसेज करायचा की सकाळपर्यंत थांबायचं. एवढं पुष्कळ आहे.

त्या मुलीला थांबवायचा प्रयत्न करू नका, काउंटर ऑफर तर नकोच. तिचा नोटीस पिरियड चालू आहे तोवर त्या वेळी मीटिंगला असलेल्या सगळ्या वरिष्ठांना एक मेल लिहा. महिन्याचा रिपोर्ट तिने एकटीने, स्वतःहून कसा बसवला, त्यामुळे किती वेळ वाचतो, हे तिच्या नावानिशी लिहा आणि तिला कॉपीत ठेवा. हे तिला परत फिरवण्यासाठी नाही, तिचं आहे ते तिला देण्यासाठी. तिची कागदपत्रं वेळेत मिळतील हे बघा. नोटीसच्या दिवसांत तिच्यावर जास्तीची कामं टाकून राग काढला जाणार नाही, याकडेही लक्ष द्या. सगळी कागदपत्रं हातात पडल्यावर, जमलं तर तिला विचारा की तू शोधायला कधी लागलीस. सांगावंसं वाटलं तर सांगेल. नाही सांगितलं तर आग्रह करू नका.

आणि तुम्हाला स्वतःला जे वाटतंय, त्याबद्दल. हाच प्रश्न स्वतःला विचारा. तुमच्या मनात सोडायचा विचार पहिल्यांदा कधी आला? कुणी गेल्यावर त्याचं काम, नव्याच्या मुलाखती, त्याला शिकवणं, हे सगळं दीड वर्षं तुमच्या अंगावर आहे. त्यामुळे आलेला थकवा असेल तर तो कमी करता येण्यासारखा आहे. वरिष्ठांना रिकामी जागा भरायची तारीख मागा, तोवर कुठलं काम थांबवायचं तेही त्यांच्याकडूनच लेखी घ्या. पण तो पगाराचा तक्ता दाखवूनही 'ही पिढीच अशी' एवढंच ऐकायला मिळालं, तर तिथे तुमच्या बोलण्याचाही उपयोग होत नाही असं समजा. सहा महिने मी सांगितलेलं करून पाहा. तोवर वरून काहीच हललं नाही, तर शोधायला लागा. टीमला सोडून जाण्याचा अपराधी भाव मनात ठेवू नका. फक्त जाण्याआधी त्या अबोल मुलाच्या कामांची यादी आणि त्याच्या बढतीची शिफारस लेखी करून जा.